आधी काय मोजलं, आणि मोजलेलं उसवता येतं का?

नंदगडहून रोज बसने बेळगावला येणाऱ्या एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, क्वांटम मेकॅनिक्समध्ये दोन मापनांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, असं आम्हाला शिकवतात. पण अवस्था काळात कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंजरचं समीकरण तर काळात पुढे चालवा नाहीतर मागे, सारखंच चालतं. मग मापनाला दिशा कुठून येते? एकदा केलेलं मापन मागे घेता येतं का? आणि क्वांटम इरेझरच्या प्रयोगात आज पुसलं की कालचं बदलतं, असं म्हणतात, ते खरं का?"

प्रश्न तीन आहेत, पण मुळाशी एकच आहे, म्हणून एकत्र घेतो. माझं संशोधन न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्समध्ये झालं. त्यानंतरची पंचवीस वर्षं बेळगावात शिकवण्यात गेली. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि दर वेळी मला तितकाच जवळचा वाटतो.

आधी नेमकं उत्तर देतो, मग फोड करतो. क्रम महत्त्वाचा ठरतो तो दोन मापनं एकमेकांत ढवळाढवळ करत असली तरच. संभाव्यतेच्या सूत्राला स्वतःला पुढचं-मागचं कळत नाही. ती दिशा आपण सुरुवात निवडतो आणि शेवट निवडत नाही, यातून येते. मापन मागे घेता येतं, पण त्याची नोंद जिथे जिथे गेली तिथून तिथून ती परत गोळा करता आली तरच, आणि तीही उलट्या क्रमाने. कालचं काहीही बदलत नाही.

आता क्रमाचं बघू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. खडेबाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जुन्या साध्या मोबाईलचे किंवा कॅल्क्युलेटरचे फुटके एलसीडी डिस्प्ले मागितलेस तर कुणी नाही म्हणणार नाही. त्या काचेवर करड्या रंगाची एक फिल्म चिकटवलेली असते. काच थोडी गरम केली आणि कोपऱ्यातून ब्लेडने उचलली की फिल्म सोलून निघते. मागचा डिंक स्पिरिटने पुसून टाक, आणि काचेच्या कडेपासून बोटं सांभाळ. अशा तीन फिल्म हव्यात. प्रत्येक फिल्म म्हणजे प्रकाशाला विचारलेला एक प्रश्न: तुझं कंपन माझ्या दिशेत आहे का? होय असेल तो प्रकाश पलीकडे जातो, नाही असेल तो तिथेच शोषला जातो.

एक फिल्म आडवी धर, तिच्यापुढे दुसरी उभी. अंधार. आता तिसरी फिल्म ४५ अंशांत तिरकी करून दोघींच्या मधे सरकव. प्रकाश येतो! मी अजूनही वर्गात हे करतो तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलं उठून पुढे येतात. अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला. हिशेब सोपा आहे. खिडकीतून येणारा प्रकाश १०० मानला, तर पहिल्या फिल्ममधून ५० गेला, तिरकीतून त्याच्या निम्मा २५, उभीतून पुन्हा निम्मा, साडेबारा. म्हणजे आठवा हिस्सा. खरी फिल्म काही प्रकाश खाते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी दिसेल. आता तीच तिरकी फिल्म मधून काढून सगळ्यांच्या पुढे धर किंवा सगळ्यांच्या मागे धर. पुन्हा अंधार. फिल्म त्याच तीन, कोन तेच तीन, बदलला तो फक्त क्रम.

इथे तू म्हणशील, आणि म्हणायलाच हवं, की यात क्वांटम कुठे आलं? हे तर मालुसचा नियम (कोनावरून किती प्रकाश पलीकडे जाईल ते सांगणारा) आणि लाटा घेऊनही सुटतं. बरोबर आहे. भरपूर प्रकाशासाठी लाटेचं चित्र पुरतं. पण प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, यावा, तर लाट निम्मी होते तसा फोटॉन निम्मा होत नाही. तो अख्खा जातो किंवा अख्खा अडतो. १९८६ साली ग्रँजिए, रॉजर आणि अ‍ॅस्पे यांनी पॅरिसजवळ ओर्सेला एकेकट्या फोटॉनवर प्रयोग करून दाखवून दिलं की दुभागणाऱ्या आरशावर फोटॉनचे दोन तुकडे होत नाहीत. मग वरचं ‘निम्मा’ हे संभाव्यता म्हणून वाचावं लागतं, आणि तिरक्या फिल्ममधून बाहेर पडलेला फोटॉन ‘मुळात आडवा होता’ ही आठवण सोबत ठेवत नाही. नव्या प्रश्नाचं उत्तर देताना त्याचं जुनं उत्तर पुसलं जातं. पाठ्यपुस्तकात हेच ‘दोन ऑपरेटर कम्यूट होत नाहीत’, म्हणजे त्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, या शब्दांत असतं. १९२२ साली श्टेर्न आणि गेरलाख यांनी फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून नेऊन दोन भागांत फुटताना पाहिला. तशी यंत्रं एकापुढे एक ठेवून विचार केलास तर फिल्मचाच हिशेब निघतो, फक्त ४५ अंशांच्या जागी ९० येतात.

उलट बाजूही लक्षात ठेव, कारण ती वर्गात घाईघाईत राहून जाते. जी मापनं एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत, तिथे क्रमाने काहीच फरक पडत नाही. समज, एकमेकांत गुंतलेल्या, म्हणजे ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळलेली निघतात अशा, दोन फोटॉनपैकी एक बेळगावात मोजला आणि दुसरा बेंगळुरात. सरळ रेषेत अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, प्रकाशाला तेवढं जायला सुमारे दीड मिलिसेकंद. दोन्ही मापनं त्याहून कमी फरकाने झाली, तर ‘आधी बेळगाव की आधी बेंगळूर’ याला एकच उत्तर उरत नाही. पृथ्वीवर उभा असलेला माणूस एक सांगेल, प्रचंड वेगाने जाणारा दुसरं सांगेल, आणि सापेक्षतेनुसार दोघंही बरोबर. म्हणून क्वांटम मेकॅनिक्सला इथे दोन्ही क्रमांनी एकच आकडा द्यावा लागतो, आणि ते देतं. ‘आधी मोजणाऱ्याने दुसऱ्याचं उत्तर ठरवलं’ असं वाक्य अशा वेळी लिहूच नये. कुणी ठरवलं आणि कुणाचं ठरलं, हे सांगायला आधी-नंतर लागतं, आणि तेच इथे नसतं. २०१७ साली चीनच्या मिशियस उपग्रहाने १,२०० किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या दोन ठिकाणी गुंतलेले फोटॉन पोचवले. संगती तिथेही तशीच टिकली.

आता दिशेचा प्रश्न. माझ्या मते हा भाग सगळ्यांत सुंदर आहे आणि सगळ्यांत कमी शिकवला जातो. आकडे घेऊन बघू. फिल्मऐवजी कॅल्साइटचा स्फटिक घे, म्हणजे नाकारलेला फोटॉन शोषला न जाता दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो आणि दोन्ही उत्तरं हाती राहतात. आडवे केलेले १,६०० फोटॉन सोड. मधे ३० अंशांचा प्रश्न विचार. तीन-चतुर्थांश, म्हणजे १,२०० फोटॉन ३० अंशांच्या वाटेने जातील आणि ४०० त्याच्या काटकोनातल्या १२० अंशांच्या वाटेने. शेवटी दोन्ही वाटांवर विचार: उभा आहेस का? १,२०० पैकी पाव, म्हणजे ३०० उभे निघतील. ४०० पैकी पाऊण, म्हणजे तेही ३००. सरासरीने, अर्थात.

आता हा सगळा खेळ उलटा चालव. सुरुवातीला उभे केलेले १,६०० फोटॉन, मधे तोच ३० अंशांचा प्रश्न, शेवटी विचार: आडवा आहेस का? या वेळी ३० अंशांच्या वाटेने ४०० गेले आणि १२० च्या वाटेने १,२००. त्या ४०० पैकी पाऊण आडवे निघाले, ३००. १,२०० पैकी पाव, ३००. दोन्ही टोकं धरून बघितलंस तर पुढचा चित्रपट आणि मागचा चित्रपट यांत फरक सापडत नाही. हे सर्वसाधारण रूपात १९६४ साली याकिर अहारोनोव्ह, पीटर बर्गमन आणि जोएल लेबोविट्झ यांनी मांडलं. कारण साधं आहे. ‘अ’ वरून ‘ब’ कडे जाण्याची संभाव्यता आणि ‘ब’ वरून ‘अ’ कडे येण्याची संभाव्यता एकच असते, आणि साखळीत त्यांचा नुसता गुणाकार होतो. गुणाकार डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून.

मग आपल्याला दिशा का जाणवते? कारण तू आणि मी सुरुवातीला फोटॉन आडवा ‘करू’ शकतो, पण शेवटी तो उभा ‘निघेल’ असं करू शकत नाही. जे उभे निघाले ते वेचून बाजूला ठेवणं तेवढं आपल्या हाती असतं. वरच्याच उदाहरणात सुरुवात तेवढी माहीत असेल तर मधल्या वाटेचा अंदाज ३ विरुद्ध १ असा येतो. शेवट उभा आला हेही कळलं की तोच अंदाज निम्मा-निम्मा होतो. फोटॉनला काही झालेलं नाही, आपल्या हातातली माहिती वाढली. सूत्र दोन्हीकडे सारखंच बघतं. एकाच टोकाची माहिती घेऊन बघतो ते आपण.

याच फिल्मवर आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. आडवा प्रकाश उभा करायचा आहे. मधे एकच तिरकी फिल्म ठेवली तर आडव्या प्रकाशातला पाव हिस्सा उभा होऊन निघतो. ३०, ६० आणि ९० अंशांच्या तीन फिल्म लावल्या तर ४२ टक्के. दहा-दहा अंशांनी वळणाऱ्या नऊ फिल्म लावल्या तर ७६ टक्के. एकेक अंशाने वळणाऱ्या ९० लावल्या, आणि फिल्म स्वतः प्रकाश खात नाहीत असं मानलं, तर ९७ टक्के. म्हणजे प्रश्न जितके बारीक पावलांनी विचारशील तितकं नुकसान कमी, आणि त्याच फिल्म उलट्या क्रमाने लावून उभ्याचा पुन्हा आडवा करता येतो, जवळजवळ काही न गमावता. निव्वळ मापनांनी बनलेली साखळी अशी उलटवता येते! पण त्या ९० फिल्म पत्त्यांसारख्या पिसून लाव, आणि पलीकडे जवळजवळ काही उरणार नाही. सुदर्शन आणि मिश्रा यांनी १९७७ साली सतत मापनाने अवस्था गोठते असं दाखवलं, ज्याला क्वांटम झीनो परिणाम म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. तिथे प्रश्न तोच ठेवून पुन्हा पुन्हा विचारतात. इथे प्रश्न हळूहळू वळवत नेला.

आता उसवण्याकडे येतो. हा शब्द मुद्दाम वापरतोय. माझं लहानपण वडगावात गेलं आणि घरामागे दिवसरात्र यंत्रमागाची खडखड चालायची. मागावर एखादा आडवा धागा चुकला आणि चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात आला, तर मधलाच धागा ओढून काढता येत नाही. माग थांबवून शेवटची ओळ आधी उसवायची, मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची, असं करत चुकीपर्यंत मागे यायचं. हे मी शाळेत असताना कितीदा तरी पाहिलंय, आणि पुढे (अब)च्या उलट म्हणजे आधी ब ची उलट मग अ ची उलट, हे मॅट्रिक्सच्या तासाला आलं तेव्हा मला ते शिकावं लागलं नाही.

संशोधनाच्या दिवसांत हे पहिल्यांदा हातात आलं ते स्पिन इकोमध्ये. एर्विन हान यांनी १९५० साली शोधलेली ही युक्ती. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं इवल्या चुंबकांसारखी असतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांना एक रेडिओ स्पंद दिला की सगळे एका सुरात फिरू लागतात. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे अगदी एकसारखं नसतं, म्हणून कुणी पुढे जातो, कुणी मागे पडतो, आणि ऑसिलोस्कोपवरचा संकेत बघता बघता विरून जातो. संपलं असं वाटतं. तेवढ्यात दुसरा स्पंद देऊन सगळ्यांना उलटं फिरवायचं, म्हणजे पुढे गेलेला तेवढाच मागे आणि मागचा तेवढाच पुढे. जेवढा वेळ गेला होता तेवढाच वेळ पुन्हा थांबायचं. सपाट झालेल्या रेषेवर एक उंचवटा उगवतो. त्या रात्री मी एकटाच होतो, आणि तो उंचवटा पुन्हा पुन्हा काढून बघत बसलो. पण हेही बघ की दोन स्पंदांमधलं अंतर वाढवत नेलं की उंचवटा खुजा होत जातो. क्षेत्राच्या असमानतेने झालेला विस्कोट परत येतो. शेजारच्या केंद्रकांशी आणि उष्णतेशी झालेली देवाणघेवाण परत येत नाही. पहिल्याचा हिशेब आपल्याकडे आहे, दुसऱ्याचा आपल्या हाताबाहेर सांडला. ही रेघ कुठे पडते ते नीट बघ. मापनाचा सगळा प्रश्न त्या रेघेवर उभा आहे.

मापन म्हणजे मुळात काय होतं? एक क्यूबिट घे, म्हणजे मोजलं तर ‘०’ किंवा ‘१’ अशी दोनच उत्तरं देणारी क्वांटम वस्तू. तो ‘०’ आणि ‘१’ यांच्या सुपरपोझिशनमध्ये आहे, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र जपणाऱ्या अवस्थेत. शेजारी मोजयंत्राचा काटा, सुरुवातीला ० वर. दोघांची गाठ घालून दिली: क्यूबिट १ असेल तर काटा उलटायचा, ० असेल तर तसाच ठेवायचा. झालं, काट्यावर नोंद आली. आता हीच क्रिया आणखी एकदा कर. काटा पुन्हा ० वर येतो आणि क्यूबिट जसा होता तसा मोकळा होतो. इथवर मापन साफ उसवता येतं. कसलाही चमत्कार नाही.

पण मधल्या काळात काट्यावर आपटलेल्या हवेच्या एका रेणूने काट्याची स्थिती उचलली असेल तर? आता नोंद दोन ठिकाणी आहे, काट्यावर आणि रेणूवर. समज, तू घाईने आधी काटा आणि क्यूबिट यांची गाठ सोडवलीस. काटा ० वर आला. पण रेणू ज्याच्याकडे बघून स्वतःला उलटवणार होता तो काटाच आता ० वर आहे, म्हणून रेणूची क्रिया पुन्हा केली तरी त्याच्यावर काहीच होत नाही. नोंद रेणूवर अडकून राहिली, क्यूबिट त्या सुपरपोझिशनमध्ये परतला नाही. त्याऐवजी आधी काटा-रेणू सोडव, मग क्यूबिट-काटा. दोन्ही स्वच्छ. कागदावर तीन क्यूबिट घेऊन हे दोन्ही क्रमांनी करून बघ, अर्धं पान पुरतं. शेवटची ओळ आधी. मागावर काय आणि इथे काय, कारण तेच.

म्हणून प्रत्यक्ष मापन उलटत नाही ते निसर्गाने तसा वेगळा नियम केला म्हणून नाही. गणपत गल्लीत एकाच्या कानात सांगितलेली गोष्ट त्याला गाठून थांबवता येते. संध्याकाळी ती शहापूर, टिळकवाडी, अनगोळपर्यंत पोचली की कुणी कुणाला आधी सांगितलं हे शोधून उलट्या क्रमाने प्रत्येकाच्या मनातून काढणं कुणाच्या आवाक्यात राहत नाही. काट्यावरून परतलेला प्रकाश, हवेचे रेणू, तारेतला इलेक्ट्रॉन, सगळे नोंद घेऊन निघून जातात. ती कुणी वाचली पाहिजे असंही नाही. २००४ साली व्हिएन्नात ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून व्यतिकरणाच्या (दोन वाटांच्या लाटा एकमेकींत मिसळून पट्टे उमटण्याच्या) प्रयोगातून सोडले. तापलेला रेणू स्वतःच उष्णतेचे फोटॉन बाहेर टाकतो, आणि ते फोटॉन रेणू कुठे होता याची बातमी घेऊन जातात. ते फोटॉन पकडायला कुणी बसलं नव्हतं, तरी रेणू जितके तापवावे तितके व्यतिकरणाचे पट्टे फिके होत गेले. ‘बघणाऱ्याच्या जाणिवेमुळे’ असं काही सांगणाऱ्यांना हा प्रयोग दाखव.

मग अर्धवट मोजलं तर? इथे गंमत सुरू होते. क्यूबिट असा ठेवायचा की तो ‘१’ असेल तर ५० टक्के शक्यतेने निसटून जाईल आणि निसटला की आपल्याला कळेल, ‘०’ असेल तर कधीच निसटणार नाही. ० आणि १ समसमान असलेले १,००० क्यूबिट घे. १ च्या वाट्याचे निम्मे निसटतील, उरतील ७५०. या उरलेल्यांत ० आणि १ यांचं वजन आता ५०० विरुद्ध २५० झालं. काहीच घडलं नाही, तरी अवस्था बदलली. काही न घडणं हीही एक बातमी असते, आणि तेवढी बातमी आपल्याला मिळाली. आता ० आणि १ यांची अदलाबदल कर: २५० विरुद्ध ५००. तेच अर्धवट मापन पुन्हा कर: १ च्या वाट्याचे निम्मे निसटले, उरले २५० विरुद्ध २५०. पुन्हा अदलाबदल केली की मूळ अवस्था, आयामांतल्या कलेसकट (० आणि १ च्या वाट्याच्या लाटांमधल्या फेजसकट), जशीच्या तशी हातात. हे फक्त वजनाचं गणित नव्हे, दोन्ही आयामांना एकाच संख्येने गुणलं गेलं, म्हणून त्यांच्यातलं नातं शाबूत राहिलं.

किती वेळा जमलं? १,००० पैकी ५०० वेळा. आता सुरुवातीला सगळे शुद्ध ० घेऊन बघ. पहिल्या फेरीत एकही निसटत नाही, अदलाबदलीनंतर सगळे १, दुसऱ्या फेरीत निम्मे जातात: ५००. सगळे शुद्ध १ घे: पहिल्या फेरीतच निम्मे गेले, उरलेले ० झाले, ते सुखरूप: ५००. कोणत्याही अवस्थेतून निघा, यश ५०० वेळाच. म्हणजे उलटवणं यशस्वी झालं, एवढ्यावरून मूळ अवस्थेबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. पहिल्या फेरीत मिळालेली बातमी दुसऱ्या फेरीने तंतोतंत फिटवली. हाच मोबदला आहे. अवस्था परत हवी तर माहिती परत करावी लागते, थोडी मागे ठेवून चालत नाही. आणि निसटण्याची शक्यता १०० टक्के केलीस, म्हणजे पूर्ण मापन केलंस, तर यशाची शक्यता शून्य. पाठ्यपुस्तकातलं ‘मापन उलटवता येत नाही’ हे वाक्य या ओळीचं शेवटचं टोक आहे, अख्खी ओळ नव्हे.

ही युक्ती कोरोत्कोव्ह आणि जॉर्डन यांनी २००६ साली सुचवली आणि २००८ साली कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सँटा बार्बरात अतिवाहक क्यूबिटवर करून दाखवली. ते काम जॉन मार्टिनिस यांच्या गटातलं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत हे एक, दुसरे मिशेल डेव्होरे. डेव्होरे यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने २०१९ साली याच्याही पुढचं पाऊल टाकलं. क्वांटम उडी, म्हणजे अणूचं एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाणं, जी आपण ‘एका क्षणात’ होते असं शिकवतो, तिची चाहूल त्यांनी आधीच ओळखली, उडी अर्ध्यात असताना पकडली आणि अणू, म्हणजे त्यांचा कृत्रिम अणू, परत जागेवर आणला. ते जमलं कारण सततच्या बारीक मापनाची प्रत्येक नोंद त्यांच्या हातात होती, बाहेर सांडत नव्हती.

आता इरेझर, जास्त वेळ घेत नाही. कल्पना स्कली आणि ड्रुल यांची १९८२ मधली, गाजलेला प्रयोग यून-हो किम आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा. एक फोटॉन पडद्यावर ठिपका उमटवतो. त्याच्याशी गुंतलेला जोडीदार नंतर मोजला जातो, आणि ‘कोणत्या वाटेने’ ही माहिती वाचायची की पुसायची हे नंतर ठरतं. पुसलं तर पट्टे दिसतात, म्हणून लोक म्हणतात की भूतकाळ बदलला. पण पडद्यावरचे सगळे ठिपके एकत्र बघितले तर पट्टे कधीच दिसत नाहीत, जोडीदाराचं काहीही करा. शहापुरी लुगड्यावर एक तांबडा पट्टा, एक निळा, एक तांबडा, एक निळा, असे बिनफटीचे विणले आणि रंग न दिसणाऱ्या डोळ्याने पाहिलं तर सपाट कापड दिसेल. जोडीदाराची यादी आली की कोणता ठिपका तांबडा आणि कोणता निळा एवढं कळतं. तांबडे वेगळे काढले की पट्टे दिसतात, निळे वेगळे काढले की त्यांच्या मधल्या जागेतले पट्टे दिसतात. ठिपके तेच, जागा त्याच. वर्गवारी नंतर झाली, विणकाम नव्हे. जोडीदाराचं ‘वाट’ विचारणारं मापन केलं तर त्या यादीने ठिपके दुसऱ्याच तऱ्हेने वाटले जातात आणि कोणत्याच ढिगात पट्टे निघत नाहीत. आणि मघाचं बेळगाव-बेंगळूर आठव: ही दोन मापनं एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत, म्हणून कोणतं आधी केलं याने एकही आकडा हलत नाही.

शनिवारी दुपारी मी प्रयोगशाळेत असतो. फिल्म घेऊन ये. येण्याआधी दोन हिशेब करून ठेव. एक, वरच्या अर्धवट मापनात निसटण्याची शक्यता ५० ऐवजी ९० टक्के घे आणि ० चं वजन ८००, १ चं २०० अशा अवस्थेतून सुरू कर. शेवटी १०० उरतात का आणि त्यांत ८० विरुद्ध २० आहेत का, ते बघ. दोन, तीन क्यूबिटची ती गाठ चुकीच्या क्रमाने सोडव, आणि रेणूवर राहिलेली नोंद काढायला आता नेमकी कोणती गाठ घालावी लागेल ते शोध. उत्तर आहे, आणि ते सापडलं की काटा या सगळ्यात मुळात किती गरजेचा होता, यावर आपल्याला बोलता येईल.